गावच्या घाण्याचा इतिहास शोधताना

देवळामागे, पाराच्या कडेला, शाळेच्या कुंपणापाशी नाहीतर उकिरड्याच्या काठावर एखादा भलामोठा काळा दगड पडलेला असतो. वरून गोल, मध्ये खोल पोकळी. पोकळीत हात घातला तर आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत लागते. पावसाळ्यात त्यात पाणी साठतं, एरवी पोरं खडे टाकतात. कुठे त्यात तुळस लावलेली दिसते, तर कुठे शेंदूर फासून त्याचा देव झालेला असतो. गावातल्या तरुणाला विचारलं तर तो म्हणतो, जुनं उखळ असेल. सत्तरीच्या माणसाला विचारलं तर उत्तर येतं, ‘तो तेल्याचा घाणा.’ बहुतेक गावांत गोष्ट इथेच थांबते. तिथून पुढे जाण्याची ज्यांना इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

घाणाच का, असं कुणी विचारेल. हिमालयातल्या खेड्यांत ओढ्याच्या पाण्यावर फिरणारे घराट गावाचं पीठ दळतात. इंग्लंडमध्ये १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या मोजणीतसुद्धा गावोगावच्या हजारो गिरण्या नोंदलेल्या आहेत आणि तिथले हौशी अभ्यासक आजही आपापल्या गावच्या पाणचक्कीचा माग काढत असतात. आपल्याकडे मात्र पाण्यावरची गिरणी चालणं अवघड, कारण बहुतेक नद्या चैत्रात कोरड्या पडतात. औरंगाबादची पाणचक्की प्रसिद्ध आहे, पण ती अठराव्या शतकातली, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आश्रयाने उभी राहिलेली आणि दूरच्या डोंगरातून जमिनीखालच्या नहरीने पाणी आणून चालवलेली. खेड्याला असला खर्च झेपणारा नव्हता, आणि गरजही नव्हती. पीठ घरोघरी बायका जात्यावर दळत होत्या. घरात न होणारं काम होतं ते तेल काढण्याचं. त्यासाठी जड यंत्र लागे, बैल लागे आणि कसबी माणूस लागे. म्हणून आपल्या खेड्यातली जुनी गिरणी शोधायची तर ती घाण्याच्या रूपातच सापडते.

हा धंदा किती जुना, याला महाराष्ट्रात फार चांगले पुरावे आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कारागिरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली, असं तो सांगतो. त्या श्रेणींमध्ये कुंभार आहेत, पाण्याची यंत्रं करणारे आहेत आणि तीळ गाळणारे तेलीही आहेत. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वी नाशिकचे तेली संघटित होते आणि लोक आपला पैसा विश्वासाने त्यांच्याकडे ठेवत होते. दुसरा लेख चाळीसगावजवळच्या पाटणचा, शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला. यादवांचे मांडलिक निकुंभ यांनी त्या मठाला जी उत्पन्नं लावून दिली, त्यांची यादी लेखाच्या मराठी भागात आहे. गावात जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला द्यावं, असं त्यात म्हटलेलं आहे. भास्कराचार्यांचं गणित जिथे शिकवलं जात होतं, तिथल्या दिव्यात तेल्याच्या घाण्यातलं तेल जळत होतं. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

तुमच्या गावच्या घाण्याबद्दल असा शिलालेख मिळण्याची शक्यता अगदी थोडी. पण या दोन्ही लेखांतून एक दिशा मिळते. दोन्हीकडे घाणा कागदावर, किंवा दगडावर, आला तो कुणाला तरी काही देणं लागत होता म्हणून. स्वतःचं काम करत राहिलेल्या घाण्याची नोंद कुणी केली नाही. सरकार, देऊळ, मठ, पाटील यांना त्याच्याकडून जे जायचं तेवढंच लिहिलं गेलं. बाकीचा सगळा इतिहास तो चालवणाऱ्या घरात राहिला, तोंडी. त्यामुळे शोधाचा क्रम उलटा धरा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. बहुतेक जण आधी दगडाचे फोटो काढतात, मग गॅझेटियर चाळतात आणि सगळ्यात शेवटी माणसाकडे जातात. तोवर माणूस गेलेलं असतं. दगड आणखी शंभर वर्षं तिथेच राहणार आहे आणि दप्तरातला कागदही जागेवर आहे. घाण्यामागून बैल हाकलेली माणसं मात्र आता ऐंशीच्या घरात आहेत.

तेव्हा आधी ते घर शोधा. गावात तेली आळी किंवा तेली गल्ली असेल तर सोपं आहे. नसेल तर किराणा दुकानांपासून सुरुवात करा. घाणा बंद पडल्यावर अनेक तेली घरं वाणसामानाकडे वळली. कुटुंब पुण्या-मुंबईला गेलेलं असेल तर भावकीतल्या लग्नपत्रिकांवरून पत्ता लागतो. जाताना एकट्याने धाडकन जाऊ नका. गावातल्या, त्या घरी ऊठबस असलेल्या माणसाला सोबत घ्या. आणि एक गोष्ट आधीच मनात पक्की करून जा: सकाळी तेली समोर आला तर काम होत नाही, असली घाणेरडी समजूत आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या बाळगली आहे. ज्यांच्या तेलावर देवापुढची समई पेटली त्यांनाच अपशकुनी ठरवलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी हे सोसलेलं असतं. त्यामुळे ‘तुमचा जातीचा धंदा’ असली भाषा तोंडून जाऊ देऊ नका. ‘बाबा, तुमच्याकडचा घाणा कसा चालायचा ते मला समजावून सांगा,’ एवढं पुरे. आपल्या कसबाबद्दल बोलायला कुणालाही आवडतं.

प्रश्न नेमके विचारा. ‘पूर्वी कसं होतं?’ या प्रश्नाला ‘पूर्वी सगळं चांगलं होतं’ हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: घाण्याची लाट, म्हणजे पोकळीत फिरणारा सोट, कुठल्या लाकडाची होती? ती झिजली की नवी कोण घडवायचा, गावचाच सुतार की बाहेरचा? बैल एक जुंपायचे की दोन? त्यांच्या डोळ्यांना काय बांधायचे? लाटेवर वजन म्हणून काय ठेवायचे? घाणा घातल्यावर गरम पाण्याचा हबका कधी मारायचा आणि किती, हे कशावरून ओळखायचे? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. दाणे चिरडताना पाणी थोडं कमी पडलं तर पेंड भुसभुशीत राहते आणि तेल सुटत नाही. जास्त झालं तर तेल गढूळ येतं. नेमका अंदाज हाताला असतो. तो हात तुमच्यासमोर हवेत फिरतो आणि बोटं किती पाणी घेतात ते दाखवतो, तेव्हा फोनवरचं चित्रीकरण चालू असू द्या. कुठल्याही कागदात हे मिळणार नाही.

मग व्यवहाराकडे वळा. करडई, जवस, तीळ, कारळा हे गिऱ्हाईक घरून आणायचं की तेली विकत घ्यायचा? गिऱ्हाइकाचा दाणा असेल तर मजुरी पैशांत, धान्यात की पेंडीच्या रूपात? पेंड कुणाची? गुराढोरांच्या गावात पेंडीला मोल होतं, त्यामुळे या एका प्रश्नावरून घाण्याचा सगळा हिशोब उलगडतो. तेली बहुतेक याद्यांत बारा बलुत्यांमध्ये नसतो, तो अलुतेदारांत येतो. म्हणजे सुगीला खळ्यावर जाऊन ठरलेला वाटा उचलण्यापेक्षा त्याचा व्यवहार रोजच्या विक्रीवर जास्त चालला. ती विक्री कोण करायचं? बऱ्याच घरी बायका. दारोदार तेल घालणारी, उधारी लक्षात ठेवणारी, वसुली करणारी तीच. म्हणून मुलाखत फक्त कर्त्या पुरुषाची घेऊन उठू नका. आजींना वेगळं भेटा, शक्यतो एखाद्या बाईला सोबत नेऊन. कुठल्या घरी किती तेल जायचं, कोण रोख द्यायचं, कुणाच्या दारात उभं राहायला लागायचं, हे त्यांच्या तोंडून आलं की गावाची जुनी उतरंड डोळ्यांपुढे उभी राहते.

घाणा कुठल्या वारी बंद असायचा, हाही प्रश्न वहीत लिहून ठेवा. देशावर काही ठिकाणी सोमवार येतो, महादेवाचा वार आणि बैलाला विसावा. अलिबाग, पेण, रोहा या बाजूला मात्र याच प्रश्नाने एक वेगळं दार उघडतं. तिथे शनिवारी घाणा न जुंपणारे तेली होते आणि गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. ते बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू. अठराव्या शतकापासून त्यांच्यातले लोक मुंबईला जाऊ लागले आणि १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर या आडनावांत त्यांची गावं अजून जिवंत आहेत. तुमचं गाव या पट्ट्यात असेल तर घाण्याचा निम्मा इतिहास कदाचित इस्रायलमधल्या कुणा आजोबांच्या आठवणीत असेल. ती माणसं मराठी बोलतात, पत्रं लिहितात, आपल्या मूळ गावी येऊनही जातात. त्यांना शोधा.

जुनी माणसं साल सांगत नाहीत, आणि त्यांनी सांगितलेल्या सालावर विसंबूही नये. त्यांना घटनांच्या खुंट्या द्या. गांधीजींचा खून झाला तेव्हा घाणा चालू होता का? मराठवाड्यात असाल तर रझाकारांच्या वेळी, पोलीस ॲक्शनच्या वेळी? पुण्याकडे पानशेत फुटलं तेव्हा, म्हणजे १९६१. साताऱ्या-कोकणात कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७. आणि सगळ्या महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ. या दुष्काळात बैल विकले म्हणून घाणा बंद पडला असं उत्तर मिळालं, तर साल आणि कारण एकाच वाक्यात हाती आलं. मापांवरूनही काळ कळतो. आजी नवटाक, अधपाव, पावशेर अशा मापांत बोलत असतील तर त्या साठ सालाच्या आधीचं सांगत आहेत, कारण दशमान वजनमापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. आणे-पैचा हिशोब आला तर ते १९५७ च्या आधीचं. त्या घरात तेलाची जुनी मापं, पळ्या, बुधले अजून माळ्यावर असतात. दाखवा म्हणा, पण मागू नका.

घाणे का बंद पडले याचं गावोगावचं उत्तर एकच नसतं, पण त्यामागचे मोठे रेटे माहीत असले तर ऐकताना काय महत्त्वाचं ते ओळखता येतं. पहिला घाव रॉकेलचा. तेल्याच्या तेलाचा मोठा भाग खाण्यात नव्हे, दिव्यात जात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला परदेशी रॉकेल आलं आणि कंदील-चिमण्या घरोघरी गेल्या, तेव्हा घाण्याचं निम्मं गिऱ्हाईक गेलं. त्यानंतर भुईमुगाचा पसारा वाढला आणि बाजारपेठेच्या गावी इंजिनावर आणि पुढे विजेवर चालणाऱ्या तेलगिरण्या निघाल्या. दाणा गावाबाहेर जाऊ लागला. १९३७ पासून डालडा आला. या उताराला आडवं जाण्याचा एक मनापासूनचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला, त्याचं ठिकाण वर्ध्याची मगनवाडी. जे. सी. कुमारप्पा संघाचं काम पाहत होते आणि झवेरभाई पटेल यांनी तिथे घाणीवर वर्षानुवर्षं प्रयोग करून सुधारलेली मगनवाडी घाणी तयार केली. बैलाला कमी ओढ पडावी, तेल जास्त निघावं, हा हेतू. स्वातंत्र्यानंतर खादी ग्रामोद्योगाच्या योजनांतून अशा सुधारित घाण्यांना कर्जं मिळाली. तुमच्या गावातल्या घाण्याला कुणी ‘वर्ध्याचा घाणा’ म्हणत असेल, किंवा सोसायटीचं कर्ज काढून घेतलेला म्हणून सांगत असेल, तर तो या काळातला असण्याची शक्यता मोठी. मग तालुक्याच्या सहकार खात्यात जुन्या तेल उत्पादक सोसायटीची नोंद विचारून पाहा.

एवढं झालं की दगडाकडे या. आता त्यात काय बघायचं ते तुम्हाला ठाऊक आहे.

पहिलं काम, हा तेलघाणाच आहे ना याची खात्री. किल्ल्यांवर आणि मोठ्या वाड्यांपाशी दिसणारा चुन्याचा घाणा वेगळा: त्यात जमिनीवर मोठ्या वर्तुळाची चर असते आणि तिच्यातून उभं दगडी चाक फिरतं. उसाच्या चरकाला रूळ असतात. उखळ लहान आणि उथळ. तेलघाण्याची पोकळी खोल असते, खाली निमुळती होत जाते, आणि लाट जिथे टेकून फिरायची तिथे आडवा झिजलेला पट्टा दिसतो. टेपने तोंडाची रुंदी, पोकळीची खोली, दगडाची बाहेरची उंची आणि घेर मोजा. तळाशी तेल बाहेर पडायला भोक आहे का ते बोटाने चाचपा. काही घाण्यांत असं भोक असे, काहींत फडक्याने तेल टिपून पिळून काढत. पोकळीत वरच्या बाजूला पायरीसारखी कड असेल तर आत लाकडी अस्तर बसवत असतील. ते झिजलं की बदलायचं. दगड कुठला आहे? आसपासच्याच खाणीतला काळा फत्तर, की दुरून आणलेला? अनेकदा दगड मूळ जागी नसतो. रस्ता रुंद करताना, घर पाडताना तो ढकलून बाजूला केलेला असतो. मूळ जागा कुटुंबाकडून कळते. ते जुनं घर शाबूत असेल तर मधल्या सोप्याची रुंदी मोजा. बैलाला फेरी मारता येईल एवढी मोकळी जागा तिथे ठेवलेली असते आणि जमीन वर्तुळात खचून कडक झालेली असते.

अक्षरं आहेत का ते पाहायचं तर दुपारच्या उन्हात काही दिसणार नाही. रात्री जा. दगडाला लागून बाजूने, अगदी तिरपा, बॅटरीचा झोत टाका आणि हळूहळू फिरवा. उथळ कोरीव रेषा सावलीने उठून दिसतात. तामिळनाडूत घाण्याला चेक्कू म्हणतात आणि कोरीव लेख असलेले दगडी चेक्कू तिथे बरेच मिळाले आहेत. कुणी, कधी, कुठल्या देवळाच्या दिव्यासाठी तो करून दिला हे त्यांवर लिहिलेलं असतं. आपल्याकडेही नजर ठेवायला हरकत नाही. पण काही दिसलंच तर खडू, पीठ, रंग, शेंदूर, तेल यांपैकी काहीही त्यावर घासू नका. अक्षर उठावं म्हणून खिळ्याने कोरून काढणारे महाभाग असतात, त्यांना हात जोडून थांबवा. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. दगड उचलून शाळेत किंवा चौकात नेण्याचा उत्साहही आवरा. जागेवरून हलला की त्याच्या इतिहासाचा एक मोठा धागा तुटतो. शिवाय तो कुणाच्या तरी मालकीचा असतो.

आता कागद. गावातले कागद आधी, कारण ते फुकट आणि जवळ असतात. जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाच्या नावापुढे जात आणि बऱ्याचदा बापाचा धंदा लिहिलेला असतो. एका पिढीत ‘तेलघाणा’ आणि पुढच्या पिढीत ‘दुकान’ किंवा ‘मजुरी’ असं आढळलं, तर बदल कधी झाला ते जवळजवळ नेमकं कळतं. कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी जातीसह आहेत. त्यांतून गावात तेल्यांची किती घरं होती आणि ती कधी कमी झाली याचा अंदाज येतो. अलीकडे, २०२३ पासून, कुणबी नोंदींच्या शोधासाठी सरकारने अशी जुनी दप्तरं मोठ्या प्रमाणावर तपासून स्कॅन केली आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ती ठेवली. एका कारणासाठी झालेलं ते काम तुमच्या कामालाही येतं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घाण्याच्या जागेवर कुणाचं नाव लागत होतं ते पाहा. भूमी अभिलेख कार्यालयात गावचा जुना नकाशा आणि टिपणं मिळतात. शेतांची, ओढ्यांची, विहिरींची जुनी नावं तलाठ्यापेक्षा वयस्कर शेतकऱ्याला जास्त ठाऊक. नकाशा हातात घेऊन त्यांच्यासोबत एकदा शिवार फिरा. ‘तेल्याचं शेत’, ‘घाण्याची पट्टी’ अशी नावं आली की ती नकाशावर गटनंबरासह लिहून घ्या.

देवळाचे कागद विसरू नका. दिवाबत्तीसाठी इनाम जमीन असेल तर ती कुणाकडे होती, तेल कोण पुरवायचं, याची नोंद इनामाच्या कागदांत येते. इंग्रजांनी १८५२ पासून इनामांची चौकशी केली, तेव्हा गावोगावच्या पुजाऱ्यांना आणि इनामदारांना आपापले जुने कागद पुढे करावे लागले. त्या चौकशीत आलेले कागद आणि मराठेशाहीचं विशाल दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तरात, मोडी लिपीत रुमालांमध्ये बांधलेलं आहे. तिथे ‘घाणा’ शोधून काही मिळत नाही. गाव, परगणा आणि प्रांत यांची जुनी नावं आधी काढून घ्या, आणि मग दोन प्रकारचे कागद मागा. एक, मोहतर्फ्याच्या याद्या. मोहतर्फा म्हणजे दुकानदार आणि कारागिरांवरचा कर, त्यात तेल्याचे घाणे मोजलेले असतात. दुसरे, पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाचे महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, आणि वाटणीपत्रं. पाटलाचे हक्क त्यांत बारकाईने लिहिलेले असतात: चांभाराकडून जोडा, तांबोळ्याकडून पानं, तेल्याकडून दर घाण्यामागे रोजचं ठरलेलं तेल. भावाभावांत वाटणीवरून भांडण झालं की हे सगळं पुन्हा एकदा तपशिलात लिहिलं जाई. आपल्या पूर्वजांची भांडणं संशोधकाच्या फार उपयोगी पडली आहेत.

मोडी येत नसेल तर शिका. पुराभिलेख विभाग आणि काही संस्था मोडीचे वर्ग घेतात. नेटाने बसलं तर काही महिन्यांत छापील नमुने आणि त्यानंतर साधी हिशोबी पत्रं वाचता येतात. हिशोबाचे कागद वाचायला तुलनेने सोपे, कारण तेच तेच शब्द पुन्हा येतात. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ इथेही कागद आहेत आणि वाचून दाखवणारी माणसंही. जाण्याआधी त्रिंबक नारायण आत्रे यांचं १९१५ सालचं ‘गावगाडा’ जरूर वाचा. आत्र्यांची मतं सगळीच पटण्यासारखी नाहीत, अलुत्या-बलुत्यांबद्दल ते कठोर लिहितात, पण जुन्या गावात कोण कुणाला काय देणं लागत होता याचं इतकं जवळून पाहिलेलं वर्णन दुसरं नाही.

कागदांबद्दलचं हे सगळं पश्चिम महाराष्ट्राला धरून लिहिलं. मराठवाड्यात निजामाच्या कारभाराचे कागद उर्दू-फारसीत असतात आणि त्यांचा बराच भाग हैदराबादच्या दप्तरात आहे, त्यामुळे उर्दू वाचणारा मित्र जोडा. विदर्भात जुन्या बंदोबस्ताच्या मिसली आणि वाजिब-उल-अर्ज यांत गावचे हक्क आणि रिवाज नोंदलेले असतात. तिथे तेल्यांमध्ये एकबैले आणि दोनबैले असे पोटभेद होते, घाण्याला किती बैल जुंपायचे यावरून पडलेले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात ते आले आहेत. म्हणून वर तो बैलांचा प्रश्न विचारायला सांगितला. ‘एकच बैल’ या साध्या उत्तरात कुटुंब कुठून आलं याचा धागा असू शकतो.

आणखी एक खजिना आहे, ज्याकडे सहसा कुणी घाण्याच्या शोधात वळत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या आता ‘पारी’ या संकेतस्थळावर गावांच्या आणि गाणाऱ्या बायकांच्या नावांसह ऐकायला मिळतात. तुमचा तालुका त्यात आहे का ते पाहा. नसेल तर तुमच्याच गावातल्या आजींना विचारा. लग्नात घाणा भरताना काय म्हणायच्या, तेलीण दारात आली की काय बोलणं व्हायचं, हे ओव्यांत येतं.

माहिती जमू लागली की एक मोह होतो, सगळं जोडून एक सलग गोष्ट करण्याचा. तो टाळा. ‘आमचा घाणा शिवकालीन’ असं गावात कुणीतरी म्हणणारच, आणि दोन वर्षांत ते फलकावर रंगवलं जाईल. वहीत प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक लिहा: पाहिलं, ऐकलं, वाचलं. ऐकलं असेल तर कुणाकडून आणि त्यांचं वय काय. वाचलं असेल तर कुठल्या दप्तरात, कुठल्या रुमालात, कुठल्या पानावर. दोन माणसांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, मधलं काढू नका. एका घराने ‘आम्ही पाटलाला कधी फुकट तेल दिलं नाही’ म्हटलं आणि कागदात रोजच्या तेलाचा हक्क निघाला, तर दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. हक्क कागदावर राहिला आणि तेल द्यायचं कुणीतरी थांबवलं, असंही झालं असेल. कधी आणि कुणी, हा मग तुमचा पुढचा प्रश्न.

ध्वनिमुद्रण करण्याआधी परवानगी घ्या, आणि छापण्याआधी पुन्हा एकदा घ्या. बोलताना माणूस जे सांगून जातो ते गावात छापून यावं असं त्याला वाटेलच असं नाही. अपमानाच्या, उधारीच्या, भावकीच्या गोष्टींत नावं गाळा. काम हातावेगळं झालं की पहिली प्रत त्या कुटुंबाला द्या, कागदावर छापलेली, आणि सोबत मुद्रण पेनड्राइव्हवर. दुसरी प्रत गावच्या वाचनालयात, तिसरी तालुक्याच्या महाविद्यालयात इतिहास विभागाकडे. फाइलच्या नावात गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख असू द्या, नाहीतर पाच वर्षांनी ती कुणालाच उघडावीशी वाटत नाही. आणि ज्यांनी आधी बोलणं टाळलं होतं, त्यांच्याकडे ती छापील प्रत घेऊन पुन्हा जा. शेजारच्या घराचं नाव कागदावर आलेलं पाहिलं की बरेच जण आपणहून माळ्यावरचा बुधला खाली काढतात.